मागच्या काचेवरची नावं

ताराचंदच्या गाडीच्या मागच्या काचेवर दुसऱ्याच्या लग्नाचं स्टिकर होतं आणि तेरा महिने झाले तरी तो ते काढत नव्हता. एका बाजूला अतुल, दुसऱ्या बाजूला रुचिता, मध्ये लाल बदाम. गाडी तो मुद्दाम पाठ रस्त्याकडे करून लावायचा. समोरच लक्ष्मणरावाचं घर होतं, आणि अतुल लक्ष्मणरावाचा मुलगा.

भंडाऱ्याजवळच्या शहापुरात हायवेपासून आत तिसऱ्या गल्लीत ताराचंद राहायचा. लाइनमन म्हणून निवृत्त झाला तेव्हा तो आणि त्याची बायको धुरपता नागपूरला जाऊन ही होंडा सिटी घेऊन आले होते. नऊ वर्षं वापरलेली, चांदी रंगाची, एका बँकवाल्याच्या घरची. भंडाऱ्याच्या तेजराम मिस्त्रीनं बॉनेट उघडून इंजिनाचा आवाज ऐकला आणि हसला.

"काका, दिसाले घरगुती आहे, पण इंजिन पळाले बनवलं आहे. पळवाल तं समजन."

ताराचंदनं ती कधी साठच्या वर नेली नाही. मागून ट्रकवाले हॉर्न मारत पुढे निघून जायचे आणि बाजूला बसलेली धुरपता म्हणायची, "अजी, जरा पळवा ना. आता सायकलवाला पुढं जाईन आपल्या."

"गाडी नवी नोहोय."

"मी तरी कोठं नवी आहो?"

चार वर्षांत गाडी एकदाही बंद पडली नाही. थंडी असो, पाऊस असो, सेल्फ मारला की चालू. ही गोष्ट गावभर झाली, आणि नवरदेव जाणार तो ताराचंदच्याच गाडीत, असं ठरूनच गेलं. तो पैसे घेत नसे. पेट्रोल टाकून द्या, एवढंच म्हणे. मग मंडपात त्याला पहिल्या रांगेत बसवत आणि नवरदेवाचा बाप सगळ्यांसमोर त्याला दुपट्टा-टोपी देई. तीस वर्षं खांबावर चढून ज्याला कोणी नावानं हाक मारली नव्हती, त्याला हे गोड लागलं. कपाटात नऊ टोप्या जमल्या होत्या. धुरपता त्या घडी घालून ठेवायची आणि म्हणायची, "दुकान टाका आता."

अतुलचं लग्न बपेऱ्याला होतं, पार मध्य प्रदेशच्या हद्दीजवळ. गाडी पहाटे जाणार ती रात्रीच येणार. आदल्या दिवशी धुरपता भांडी घासता घासता थांबली.

"दोन दिवसांपासून छाती भरून येऊन राहिली मले. उद्या भंडाऱ्याले दाखवून येऊ. गाडी नका देऊ."

"शब्द देऊन बसलो ना. लक्ष्मणरावाले आता काय सांगू?"

"बायको बिमार आहे म्हणा."

"भांडी घासून राहिली अन् बिमार? हासतीन लोक. परवा जाऊ."

उरलेली भांडी तिनं घासून टाकली.

दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी फुलं लावून गेली. ताराचंद धुरपतापाशी घरीच राहिला. दुपारी धुरपता ओसरीवर बसली ती उठेना. अंग घामानं भिजलेलं. त्यानं गाडी नेणाऱ्या भूपेंद्रला फोन लावला. वाजंत्रीच्या आवाजात त्याला ऐकू गेलं नाही. लग्नामुळे अर्धी गल्ली रिकामी होती. मंगरूचा ऑटो शोधून आणायलाच वीस मिनिटं गेली. हायवेवर तो ऑटो ट्रकांच्या कडेनं खडखडत राहिला. धुरपतानं समोरचा दांडा घट्ट धरला होता. एकदाच बोलली.

"गाडी कधी येते जी?"

दवाखाना आला तेव्हा दांडा सोडवायला मंगरूला तिची बोटं एकेक उघडावी लागली.

रात्री गाडी परत आली. बॉनेटवर सुकलेला झेंडू, मागच्या काचेवर ते स्टिकर. आल्या आल्या भूपेंद्र आनंदात म्हणाला, "काका, काय गाडी आहे! कोठंच अडली नाही." मग त्याला अंगणातली माणसं दिसली.

दिवसकार्यासाठी काही दिवस राहून मुलगा अश्विन पुण्याला परत गेला. गाडी विकून टाका, म्हणाला. ताराचंदनं विकली नाही. रोज सकाळी पाच मिनिटं इंजिन चालू ठेवायचा, आठवड्यातून एकदा गल्लीत फिरवायचा. भंडाऱ्याला मात्र एस.टी.नं जायचा. त्या दिवशी गाडी घरी असती तर पोचायला किती वेळ लागला असता, हे त्यानं कधी मोजलं नाही. डॉक्टरलाही काही विचारलं नाही. त्याला दोष द्यायला समोर एक घर होतं आणि ते पुरत होतं.

एकदा लक्ष्मणराव चाचरत आला. "ताराचंदभाऊ, ते स्टिकर काढा ना. सून रोज पाह्यते."

"काहून? मोडलं का लग्न?"

लक्ष्मणराव मान खाली घालून परत गेला.

उन्हाळ्यात एका दुपारी अतुल अनवाणी धावत आला. रुचिताला आठवाच महिना होता, आणि एकाएकी रक्त जाऊ लागलं होतं. ॲम्ब्युलन्स दुसऱ्या गावाला गेलेली, यायला तास लागेल म्हणत होते.

"काका, गाडी द्या."

"गाडी लग्नात गेली," ताराचंद म्हणाला.

गाडी दोघांच्या मध्ये उभी होती. अतुलनं तिच्यावर हात टेकला, उन्हानं तापलेला पत्रा चटकला तसा उचलला.

"माह्यावर राग आहे, मारा मले. पण तिनं तं तुमाले गाडी मांगतली नव्हती."

ताराचंद आत गेला आणि खिळ्यावरची किल्ली घेऊन आला.

रुचिताला मागच्या सीटवर घेतलं. तिची सासू आनंदाबाई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. अतुल पुढे बसला, धुरपताच्या जागी. हायवेला लागल्यावर ताराचंदनं पाय दाबला. ऐंशी. शंभर. गाडी थरथरली नाही, कुरकुरली नाही, जशी एवढी वर्षं वाटच पाहत होती. ट्रक मागे पडत गेले. समोरच्या आरशात काचेवरची दोन्ही नावं सरळ वाचता येत होती आणि त्यांच्या खाली रुचिताचा पांढरा पडलेला चेहरा दिसत होता.

भंडाऱ्याच्या त्याच दवाखान्याच्या दारात नर्सनं स्ट्रेचर आणलं. "किती वेळ झाला घरून निघून?"

अतुलनं फोन पाहिला. "सात मिनिटं."

"सातच मिनिटांत आलो का बाप्पा!" आनंदाबाईनं हात जोडले, आधी वर, मग ताराचंदला.

ताराचंदच्या हातून किल्ली पडली. त्यानं ती उचलली नाही. एका बाकावर जाऊन बसला. किल्ली कोणीतरी आणून त्याच्या बाजूला ठेवली.

संध्याकाळपर्यंत सगळं निभावलं. मुलगी झाली. वजनानं कमी होती, पण रडली. रुचिताही वाचली. लक्ष्मणरावानं येऊन ताराचंदचे दोन्ही हात धरले.

"भाऊ, बारशाले पयली दुपट्टा-टोपी तुमाले."

"टोपी नको."

"नाही कसं म्हणता? सगळ्यायसमोर..."

"नऊ आहेत," ताराचंद म्हणाला. "तिनं बिमार आहो म्हणून सांगतलं होतं, लक्ष्मणराव. मीच तुमाले कळवलं नाही."

लक्ष्मणरावाचे हात तसेच राहिले.

ताराचंद एकटा परत निघाला. साठच्या वर गेला नाही. अंगणात गाडी लावली, पाण्याची बादली आणि ब्लेड घेऊन मागच्या काचेपाशी बसला. आधी अतुल निघालं, मग बदाम, मग रुचिता. उन्हात भाजलेला डिंक काही निघाला नाही. अक्षरांचे ठसे तसेच राहिले.

मग तो गाडीत जाऊन बसला आणि बाजूच्या सीटकडे पाहून बोलला.

"त्या दिवशी साठनं गेलो असतो ना, तरी बारा मिनिटं."