प्रधानाने वर पाहिलं

माझं काम म्हणजे वहीत खरं लिहायचं. सिनेमाच्या सेटवर याला कंटिन्युइटी म्हणतात. माझी बहीण त्याला चुगल्या लिहायची नोकरी म्हणते. कुठल्या टेकला मेणबत्ती किती उरली होती, प्रधानाच्या झग्याचा पट्टा कुठे बांधला होता, कुणी काय हलवलं आणि कुणाच्या सांगण्यावरून, सगळं वेळेसकट टिपायचं. वीस वर्षांत माझी वही कुणाला खोटी पाडता आली नाही. याचा मला गर्व होता. होता, असंच म्हणायला हवं.

दिग्दर्शकांना आम्ही सगळे राजे म्हणायचो. मी एकोणीस वर्षांची असताना "सेटवर बाईमाणूस कशाला?" म्हणून चार जणांनी दारातून परत पाठवलं होतं. मला उभं केलं ते राजेंनी. त्यांच्यासाठी मी ताप अंगावर काढले, स्वतःचं लग्न दोनदा पुढे ढकललं. नवरा अजून टोमणे मारतो.

हा सिनेमाही राजाचाच होता. राजाने सख्ख्या भावाला मारलंय, आणि म्हाताऱ्या प्रधानाने देवासमोर शपथेवर सांगायचं, की भाऊ आजाराने गेला. प्रधानाचा राजावर जीव, पण खोटी शपथ काही तो घेत नाही आणि जिवानिशी जातो. मी तर तालमीपासूनच रडत होते. मला मेलीला रडायला काय लागतं!

आमच्या लाइटमनला सगळे दोनगाठी म्हणायचे. प्रत्येक दोराला दोन गाठी मारल्याशिवाय तो दिव्यांच्या मचाणावरून उतरायचा नाही. "हा चपलांनाही कुलूप लावून झोपतो," अशी त्याची थट्टा चालायची आणि तोही हसायचा. सकाळी शिडीच्या खालच्या पायरीला कपाळ टेकवूनच वर चढायचा. त्याची बायको आमच्याच सेटवर कपड्यांना इस्त्री करायची. मी तिला वहिनी म्हणायचे. दुपारी आम्ही एकाच डब्यात जेवायचो.

प्रधानाच्या कोठडीच्या दृश्यात मचाणाच्या कठड्याची सावली भिंतीवर पडायला लागली. दोन टेक वाया गेले.

"तो कठडा काढ!" राजे ओरडले.

"साहेब, दहा मिनिटं द्या. कमरेला दोर बांधून घेतो."

"दहा मिनिटांत प्रधानांचा सूर जाईल. काढ म्हटलं ना?"

त्याने काढला. टेक तीन, अकरा वाजून चाळीस मिनिटं. प्रधान मान खाली घालून शपथपत्र वाचत होता. वर काहीतरी घसरलं. प्रधानाने वर पाहिलं, आणि मग तो आवाज आला. मी सवयीने लिहीतच राहिले: प्रधान वर पाहतो, पटकथेत नाही. त्या ओळीचा मला आजही राग येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजेंनी मला खोलीत बोलावलं. रडून रडून त्यांचे डोळे सुजले होते, ते काही नाटक नव्हतं.

"पोरी, चौकशीवाले तुझी वही मागतील. शूटिंग थांबलं तर दीडशे घरं बसतील. तो तर गेला, त्याला आता काय फरक पडतो?"

"राजे, सगळ्यांनी ऐकलंय."

"सगळे गप्प बसतील. तुझ्या वहीचं काय? वीस वर्षांत मी तुझ्याकडे काही मागितलंय का?"

मागितलं नव्हतं, तिथेच मी अडकले. मी पान फाडलं आणि नवीन लिहिलं: लाइटमनने कुणालाही न विचारता कठडा काढला. अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं. जुनं पान मात्र फेकवेना. चार घड्या घालून पर्समध्ये ठेवलं. चौकशी आठ दिवसांत आटोपली. निष्कर्ष निघाला, कामगाराचा निष्काळजीपणा.

आठ महिन्यांनी सिनेमा तयार झाला आणि आम्हा सगळ्यांसाठी दुपारचा एक खेळ ठेवला. वहिनी माझ्या शेजारी बसल्या. त्या दिवसानंतर त्यांनी सेटवर पाऊल ठेवलं नव्हतं.

कोठडीचं दृश्य आलं. प्रधान शपथपत्र वाचत होता, आणि त्याने वर पाहिलं. राजेंनी टेक तीनच ठेवला होता! आवाज तेवढा कापला होता. मागून कुणीतरी पुटपुटलं, "काय नजर आहे! साक्षात देव दिसल्यासारखी."

"ताई," वहिनी हळूच म्हणाल्या, "त्या झग्याची बाही त्या सकाळी माझ्या हातून जरा करपली होती. मी दुमडून दिली होती. ही तीच ना?"

"हो."

"म्हणजे ते यांच्याकडे बघतायत."

मी अंधारातच पर्स उघडली आणि पान त्यांच्या हातात दिलं. "वहिनी, मी खोटं लिहिलं. खरं हे आहे."

दिवे लागले तशा टाळ्या सुरू झाल्या. राजे पुढे उभे राहून सगळ्यांना हात जोडत होते. वहिनींनी पान दोनदा वाचलं. दोर बांधून घेतो, या शब्दांवर त्यांचं बोट थांबलं.

"चौकशीवाल्यांनी मला कागद दिला," त्या म्हणाल्या. "तुमचे यजमान निष्काळजी होते, हे मान्य आहे का, म्हणून. मी म्हटलं, शक्यच नाही. तर ते म्हणाले, वहीत तसं आहे. हे घरी नेहमी म्हणायचे, ताईंची वही म्हणजे देवाघरचा कागद. म्हणून मी सही केली." त्यांनी पान माझ्या हातात परत दिलं. "माझ्या नवऱ्याला मी निष्काळजी म्हटलं, ताई. माझ्या हाताने."

मी त्यांचा हात धरायला गेले. त्यांनी तो मागे घेतला.

"साडेचारला पुढचा खेळ आहे म्हणतात. मी थांबते. यांना शेवटचं बघितलेले डोळे आहेत ते, मला परत बघायचेत." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुम्ही शेजारी नका बसू."

मी पान घेऊन बाहेर पडले. दारात राजेंनी हसून विचारलं, "कसा वाटला गं?" चौकशीचं कार्यालय पाचला बंद होतं. चार वाजून दहा मिनिटं झाली होती. मी रिक्षाला हात केला.