पालीचे चोवीस मैल

भिकाजीपंत आठल्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, मोटारीच्या उघड्या दारातून आत वाकले आणि मैल मोजणाऱ्या घड्याळाला जवळजवळ नाक लावून आकडा मोठ्यानं वाचला.

“सहा हजार दोनशे एकोणचाळीस.”

मग कोटाच्या आतल्या खिशातून लहानशी वही काढून त्यांनी आठ दिवसांपूर्वी स्वतःच लिहिलेला आकडा पाहिला. तोही तोच. तरी एकदा त्यावर बोट ठेवून त्यांनी खात्री करून घेतली.

“बरोब्बर आहे, जैनुद्दीन.”

“बरोबरच असायचा, सायेब,” जैनुद्दीन म्हणाला आणि हातातलं ओलं फडकं पिळून त्यानं दोरीवर टाकलं.

मुंबईची आगबोट तासाभरापूर्वी बाहेर समुद्रात उभी राहिली होती. पडावातून धक्क्यावर उतरलेली माणसं आपापल्या ट्रंका शोधत होती, बैलगाडीवाल्यांशी हुज्जत घालत होती. पंतांचं मात्र दर खेपेला ठरलेलं. धक्क्याला पाय लागला की सामान हमालाच्या डोक्यावर आणि आपण तडक जैनुद्दीनच्या मांगराकडे, बंदरावरच्या त्याच्या छपराकडे. घरी जायची घाई म्हणून नव्हे. घरी वाट पाहणारं कोणी उरलं नव्हतं. घाई होती ती मोटार डोळ्यांनी पाहायची.

तेव्हा रत्नागिरीत मोटारी इतक्या मोजक्या, की नुसता भोंगा ऐकून लोक मालकाचं नाव सांगत. मालकमंडळी मुंबईला निघाली की मोटारी बंदरावर जैनुद्दीनच्या हवाली करत. जंजिबारला एका शेठची मोटार अकरा वर्षं चालवून, एक गुडघा अधू करून तो परत आला होता. त्याच्या मांगरात पावसाळ्यात पडाव ओढून ठेवत. आगबोटी सुरू झाल्या की पडाव पाण्यात जात आणि मोटारी आत येत. खाऱ्या वाऱ्यानं यंत्र धरू नये म्हणून दिवसाआड इंजिन चालू करावं लागे, त्यामुळे किल्ली त्याच्याकडे ठेवणं भागच होतं. चालू करायचं, चार हात पुढे, चार हात मागे, की बंद. तरी किल्ली हातातून सोडायला पंतांचं मन घेत नसे. आकडा लिहून ठेवायची युक्ती त्यातूनच निघाली. तीन वर्षांत त्या आकड्यानं जैनुद्दीनला एकदाही खोटं पाडलं नव्हतं. माणूस ओळखावा तर आपणच, असं पंत कोर्टात चारचौघांत सांगत.

मथुरा होती तेव्हा ती या वहीला हसायची.

“तुमचे पक्षकार ठेवतात का हो तुमच्यावर अशी वही?” ती विचारायची.

तिचं माहेर पालीचं, बारा मैलांवर. मोटार दारात आली त्या दिवसापासून तिचं एकच मागणं होतं, एकदा मोटारीतून पालीला न्या. पंतांचं उत्तर पक्कं वकिली. आईवडील गेलेले, भाऊ इंदुराला, घराला कुलूप. मग तिथं आहे कोण आता? शिवाय तो रस्ता! हातखंब्यापुढे एकेक खड्डा म्हशीनं बसावं असा, आणि तांबडी धूळ तर विचारू नये. रस्ता दुरुस्त होऊ दे, मग बघू. दोन दसऱ्यांना त्यांनी तिला भगवतीच्या देवळापर्यंत नेलं, तेही मागच्या गादीवर चादर पसरून. चामड्याला केसांच्या तेलाचे डाग पडतात.

मग एका मार्गशीर्षानंतर तिनं पालीचं नाव काढणंच सोडून दिलं. पंतांना वाटलं, समजूत पटली. पुढे चैत्रात ती विषमज्वरानं अंथरुणाला खिळली. तिच्या उशाशी बसून ते म्हणाले, “बरी हो. पालीला नेतो तुला.”

ती हसली. “या खेपेला तुम्ही शेजारी बसा हं.”

तापातलं बोलणं समजून पंतांनी तिच्या कपाळावरची घडी बदलली. अठराव्या दिवशी ती गेली. त्याला आता दीड वर्ष होऊन गेलं होतं. मधल्या काळात रस्ता दुरुस्त झाला, पण पंत त्या रस्त्याला फिरकले नाहीत. पालीचा पक्षकार असला तर त्यालाच रत्नागिरीला बोलावत. लोक म्हणत, वकीलसाहेब मोटारीला फार जपतात. खरं तर त्या रस्त्याला लागायची त्यांना हिंमत नव्हती.

कार्तिकात मात्र जावं लागलं. जमिनीच्या एका दाव्यात जागा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावाचून गत्यंतर नव्हतं. काम आटोपून परतताना पालीच्या बाजाराशी रेडिएटरमधून वाफ निघू लागली, तेव्हा पंतांनी मोटार पिंपळाखाली उभी केली आणि पाण्यासाठी इकडेतिकडे पाहिलं. विड्याची पानं मांडून बसलेली एक म्हातारी लगबगीनं उठून आली. ती पंतांकडे पाहतच नव्हती. तिनं मोटारीच्या मागच्या काचेला दोन्ही हात लावून आत डोकावलं.

“मथू नाय आली?”

पंत जागीच थबकले. “कोण?”

“आमची मथू. ही तिचीच गाडी नव्हं? मी वळकली की. हिरवी गाडी, ह्यो पितळंचा भोंगा.” मग तिनं डोळे बारीक करून पंतांना न्याहाळलं आणि पदर सावरला. “अगो बाय, तुमी जावयबापू! मी गंगुबाई. तिच्या घराम्होरं माजं घर. लग्नात बगितलंवतं तुमांस्नी, मग आता बगते.”

“गंगुबाई, तुमची काही चूक होते आहे. मथुरा मोटारीतून इकडे कधी आली नाही.”

“नाय कशी? दोन सालं झाली, मार्गेसरात. संगती ती तुमची कामवाली सखू व्हती. मुसलमान डायवर व्हता, लंगडत चालायचा. तिनं मला उचलून गाडीत बसवली न् पार त्या पुलापातुर फिरवली! मी वरडते, ती हसते. असं हसणं, बापू, बाजार गोळा झाला.” म्हातारी त्या आठवणीनंही हसली. “मग कुलूप घातलेल्या घराच्या पायरीवर बसली घडीभर. हिरीचं पानी पिली. हिरीवरचा सोनटक्का उकरून घेतला न् गेली. म्हणाली, पुढल्या खेपेला ह्यांना घेऊन येते. मग, आज का नाय आणलीत?”

मथुरा गेल्याचं इंदूरच्या भावानं पालीला कोणाला कळवलं असणार? पंतांनी रुमाल काढला, चष्मा पुसला, पुन्हा घातला.

“आज कामाला आलो होतो,” ते म्हणाले.

“तिला सांगा, गंगुबाई अजून हाय म्हणून.”

पंतांनी मान हलवली. पाणी कोणी आणलं, रेडिएटरमध्ये कोणी ओतलं, हे त्यांना पुढे कधीच आठवलं नाही.

घरी आल्यावर ते कोट न काढताच मागीलदारी गेले. विहिरीच्या पाटाकडेला सोनटक्का माजला होता. मोसम संपत आलेला, तरी दोन पांढरी फुलं होती. हा कुठून आणलास, असं त्यांनी एकदा मथुरेला विचारलं होतं, आणि ती म्हणाली होती, सखूनं आणला. सखू आत्ता तिथंच भांडी घासत बसली होती. पंतांचे बूट तांबड्या धुळीनं माखलेले तिनं पाहिले, ते कुठं बघताहेत तेही पाहिलं, आणि ती खाली मान घालून तेच पातेलं पुन्हा घासू लागली. पंत तसेच आत वळले.

शुक्रवारी पुन्हा मुंबई होती. पंतांनी मोटार मांगरात घेतली, उतरले आणि नुसतेच उभे राहिले. जैनुद्दीन नेहमीसारखा किल्लीसाठी हात पुढे करून थांबला होता. धक्क्यावर पडाव भरायला लागले होते.

“सायेब, आकडा लिवायचा ऱ्हायला.”

“मी पालीला गेलो होतो, जैनुद्दीन. गंगुबाई भेटली.”

जैनुद्दीनचा हात खाली आला. त्यानं कानांवर हात ठेवले नाहीत की साळसूदपणाचा आव आणला नाही. पंतांनी तीन दिवस जागून त्याची उलटतपासणी मनात रचली होती, एकामागून एक प्रश्न, निसटायला कुठं फट न ठेवता. त्यातला एकच तोंडातून निघाला.

“आकडा कसा हलला नाही?”

“घड्याळाची तार खालनं सोडवली की ते थांबतं. जंजिबारात समदे डायवर करायचे.”

“आणि पेट्रोल?”

“सखूनं आणलंवतं. घासलेटाच्या डब्यातनं, डोक्यावरनं.”

पंतांना हसू आलं, ते त्यांनी आवरलं. “मी विश्वासानं किल्ली दिली होती तुला.”

“व्हय सायेब. इमान मोडलं मी.” जैनुद्दीन गुडघ्यावर हात ठेवून मोटारीच्या पायरीवर टेकला, हे मालकासमोर तो कधी करत नसे. “बाईसायेब हितं चालत आल्या, उन्हातनं. म्हणाल्या, जैनुद्दीनभाई, एकदा पाली दाखवा, मग कंदी कायबी मागायची नाय. माजी बायको कनीज अकरा वर्सं ह्याच धक्क्याकडं बगत व्हती. मी कागदात लिवायचो, तुला जंजिबार दाखवीन. मी आलो तंवर ती गेलीवती. बाईसायबांना नाय म्हणायला माज्याकडं तोंड नव्हतं.”

पंतांना राग येत होता, पण तो या माणसावर ठरत नव्हता. त्यांना त्याचा हेवा वाटत होता. तिचे ते चोवीस मैल यानं पाहिले होते. मोटार आपली, बायको आपली, आणि आपण त्या दिवशी मुंबईत कुठल्याशा कचेरीच्या बाकावर शिपायाची वाट पाहत बसलो होतो.

“वाटेत काही बोलत होती का?” त्यांनी विचारलं.

“येताना गप व्हत्या. जाताना गात व्हत्या.”

“गात?”

“व्हय. हातखंब्यापासनं पालीपातुर.”

एकवीस वर्षांच्या संसारात पंतांनी तिला आरतीखेरीज काही म्हणताना ऐकलं नव्हतं. बाहेर आगबोटीनं पहिली शिटी दिली. ट्रंक डोक्यावर घेतलेला हमाल मांगराच्या तोंडाशी येऊन घाई करू लागला. पंतांनी त्याला ट्रंक खाली ठेवायची खूण केली.

“मागं चादर होती का तेव्हा?”

जैनुद्दीन घुटमळला. “नाय. आदी ती काढायला लावली त्यांनी. धूळ मी मागनं तीनदा धुतली, सायेब. चामडं पुसलं.”

“कुठल्या बाजूला बसली होती?”

“उजवीकडं.”

पंतांनी मागचं दार उघडलं. गादीवरची चादर ओढून काढली, तिची नीट घडी घातली आणि ओल्या फडक्याशेजारी दोरीवर टाकली. मग किल्ली जैनुद्दीनच्या हातात दिली आणि स्वतः आत शिरून डाव्या अंगाला बसले. मोटार घेतल्यापासून ते मागं असे पहिल्यांदाच बसत होते. इथून मोटार हाकायचं चाक फार लांब वाटत होतं, आणि बाहेरचं मात्र बरंच दिसत होतं.

“सायेब, आगबोट सुटंल.”

“सुटू दे. पालीला घे.”

जैनुद्दीन पुढे बसला. त्यानं किल्ली फिरवली, इंजिन घरघरलं. पंत पुढे वाकले आणि त्यांनी त्याच्या खांद्याला हात लावला.

“थांब. आधी ती तार सोडव.”

जैनुद्दीननं वळून एकदा त्यांच्याकडे पाहिलं. इंजिन बंद केलं, खुंटीवरचा पाना घेतला आणि अधू गुडघा सांभाळत तो मोटारीखाली शिरला. खालून पाना लागल्याचा बारीक आवाज येऊ लागला. उजवीकडची जागा मोकळी ठेवून पंत दाराकडे आणखी थोडे सरकून बसले.