त्रेसष्ट वेळा ढळलेली नजर

सृष्टीला खेळायला आपणच शिकवलं, हे रणजित आपल्या मांजरी गावापासून हडपसरच्या गाडीतळापर्यंत भेटेल त्याला सांगत असे. गेल्या महिन्यापासून त्याने ते बंद केलं. कारण ऐकणारे पुढे विचारायचे, "मग आता ती तुझ्यापेक्षा भारी खेळते म्हणतात, ते खरं का?"

गाडीतळाजवळ टायरच्या दुकानावर एक गेमिंग कॅफे आहे. पुढच्या काउंटरवर झेरॉक्स निघते आणि ऑनलाइन फॉर्म भरून मिळतात, आत दहा कॉम्प्युटर. सृष्टी मुळात आली होती ती स्कॉलरशिपचा फॉर्म भरायला. लातूरकडची, भावाबरोबर भाड्याच्या खोलीत राहणारी, रणजितच्याच वर्गातली, पण वर्गात असून नसल्यासारखी. सर्व्हर बंद होता म्हणून ती आत आली, तिथे खेळत बसलेल्या रणजितच्या खुर्चीमागे उभी राहिली आणि म्हणाली, "हे चाललंय काय नेमकं?"

रणजितला कुणी असं विचारलं की तो खुलायचा. "दोन बाजू, पाच-पाच जण," त्याने सांगितलं. "तीन वाटा. ही मधली मिड, ही वरची टॉप. समोरच्यांचा किल्ला पाडायचा. हे बारके शिपाई आपोआप चालत येतात. शेवटचा घाव ज्याचा, सोनं त्याला. म्हणून उगाच हाणत सुटायचं नाही. थांबायचं." झुडपांत वॉर्ड ठेवायचा, म्हणजे अंधारातून कोण येतंय ते दाखवणारा पहारेकरी, हेही त्याने सांगितलं. नुसतं आपल्याच वाटेत डोकं खुपसून बसायचं नाही, अधूनमधून आपल्यातल्या सगळ्यात कच्च्या गड्याकडे बघायचं, समोरचे आधी त्यालाच गाठतात, हेही सांगितलं. सृष्टीने वही काढली आणि सगळं लिहून घेतलं. रणजित पोट धरून हसला. खेळ कुणी वहीत लिहून घेतं का?

ती घेत होती. रोज कॉलेज सुटल्यावर, बाकीचे यायच्या आधी, ती सरावाच्या मोडमध्ये एकटीच बसायची. समोर शत्रू नाही, काही नाही. दहा मिनिटं नुसते शिपाई टिपायचे आणि किती टिपले ते वहीत मांडायचं. पहिल्या दिवशी एकोणीस. दिवाळीपर्यंत साठ. संक्रांतीला ऐंशी. रणजितने हा उद्योग जन्मात केला नव्हता. त्याचा हात उपजतच चांगला होता, आणि अशा माणसाला सराव कर म्हटलं की अपमान वाटतो. वॉर्ड ठेवणं तर त्याच्या लेखी हलकं काम. ते दुसऱ्यांनी करावं, आपण लढावं.

मग आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा जाहीर झाली आणि सलिलने टीम लावली. सलिल कॅप्टन. शनिवार पेठेतला, एका शब्दात काम होत असेल तर दुसरा खर्च न करणारा. "सृष्टी मिड. रणजित टॉप," तो म्हणाला. "आठवडाभर बघू. रविवारी पक्कं करू."

मिड ही दोन वर्षं रणजितची जागा होती. सगळा खेळ तिथून चालतो, बघणारे तिथे बघतात, आणि जिंकल्यावर नाव तिथल्या माणसाचं घेतात.

"मी टॉप?" त्याने विचारलं.

"टॉपही आपल्याच टीममध्ये असतो," सलिल म्हणाला.

त्या आठवड्यात रणजितला अन्न गोड लागेना. सृष्टीचं काहीही त्याला खुपू लागलं. तिचं हळू बोलणं खुपलं. एखादा अवघड वार साधल्यावरही ती आपली बाटली उघडून पाणी प्यायची, ते तर फारच खुपलं. हिला साधं ओरडता येत नाही का? टीममधले बाकीचे दोघे, विश्वजीत आणि आनंद, अडलं की आता तिला विचारायचे. पूर्वी त्याला विचारायचे. आपल्या घरी रंगीत दिव्यांचा नवाकोरा कॉम्प्युटर, ही कॅफेतल्या अक्षरं पुसलेल्या कीबोर्डवर खेळते, आणि तरी कौतुक हिचंच. हे गाऱ्हाणं त्याने आईपुढे मांडून पाहिलं, तर आई म्हणाली, "मग दे की तिला आपला वापरायला." सरळ सांगायचं तर तो जळत होता, आणि आपण जळतोय हे त्याला चांगलं ठाऊक होतं. दिलेली विद्या परत मागायची सोय असती तर त्याने मागून घेतली असती.

ती सोय नव्हती म्हणून त्याने दुसरा मार्ग धरला. खेळलेला सामना नंतर पुन्हा बघता येतो, आणि वाटेल त्या खेळाडूच्या डोळ्यांनी बघता येतो. म्हणजे खेळताना त्याच्या पडद्यावर जे होतं ते जसंच्या तसं. शनिवारी दुपारी रणजित मांजरीच्या घरी दार लोटून बसला आणि त्याने सृष्टीचा शेवटचा सामना तिच्या डोळ्यांनी लावला. निळ्या ओढणीची एक तिरंदाज, हे तिचं पात्र. वीस मिनिटं ती शिपाई टिपत राहिली आणि त्याला बोट ठेवायला जागा सापडेना. मग सापडली. तिचा पडदा मध्येच उडायचा. अर्धा सेकंद मिडवरून दुसरीकडेच, की परत जागेवर.

त्याने सामना पहिल्यापासून दुप्पट वेगाने लावला आणि पडदा उडाला रे उडाला की फोनमध्ये वेळ टिपायला सुरुवात केली. तो कुठे उडतो याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं. जागा सोडली, एवढं त्याला पुरे होतं.

आई चहा घेऊन आली. "कुनाचा खेळ बघतुयास?"

"टीममधल्या पोरीचा. ती निळ्या ओढणीची."

"मग ह्यात तू कुठं हायस?"

"मी वरच्या वाटेला. इथून नाही दिसत."

"तुझा कवा बघनार?"

"माझ्यात काय बघायचंय?" रणजित म्हणाला. आईने चहा ठेवला आणि ती गेली. यादी त्रेसष्टवर थांबली.

रविवारी सकाळी कॅफेत पाचही जण जमले. रणजितने आवाज होईल तितका साधा ठेवला. "टीमच्या भल्यासाठी बोलतोय. मिडवाल्याचं लक्ष मिडवर पाहिजे. हिचं एका सामन्यात त्रेसष्ट वेळा उडालंय. वेळेसकट लिहून आणलंय."

"त्रेसष्ट," सलिल म्हणाला. "मोजलेस."

"मोजले."

"वेळ बराच दिसतो तुला. लाव."

सृष्टीचे कान लाल झाले, आणि ते बघून रणजितला आठवड्यात पहिल्यांदा बरं वाटलं.

सलिलने यादीतली पहिली वेळ लावली आणि नेमक्या त्या क्षणाला पडदा थांबवला. वरची वाट होती. रणजितचा योद्धा एकटाच छाती काढून पुढे चाललेला, शेजारची झुडपं काळीकुट्ट, एकही वॉर्ड नाही. दुसरी वेळ. वरची वाट, रणजित. तिसरी, चौथी, पाचवी, सगळीकडे रणजित. सातव्या वेळी झुडपातून दोन शत्रू त्याच्यावर निघाले होते आणि निळी ओढणी मिड सोडून वर धावली होती, तिला येताना बघून ते दोघे मागे फिरले होते. ते आपल्याला घाबरून पळाले असं रणजितला त्या दिवशी वाटलं होतं. विश्वजीतला त्याने ते दोनदा रंगवून सांगितलंही होतं. विश्वजीत आता छताच्या पंख्याकडे बघत होता.

"का बघत होतीस?" सलिलने सृष्टीला विचारलं.

"यानेच सांगितलं होतं," ती म्हणाली. तिने बॅगेतून वही काढली, पहिलं पान उघडलं आणि वाचायला लागली. "अधूनमधून आपल्यातल्या सगळ्यात कच्च्या..."

तिथे ती अडली. पुढे काय येतं ते तिला वाचता वाचता कळलं. तिने वही मिटली. "सॉरी," ती हळूच म्हणाली.

ती फिदीफिदी हसली असती तर रणजितने सहन केलं असतं. ते सॉरी त्याला सहन झालं नाही.

"सृष्टी मिड," सलिल म्हणाला. "रणजित, वॉर्ड ठेवत जा."

दुपारी घरी आल्यावर रणजित जेवला नाही. आपण काही इतके कच्चे नाही, हे त्याला कुणाला नाही तरी स्वतःला दाखवायचं होतं. त्याने तोच सामना लावला, या वेळी स्वतःच्या डोळ्यांनी. दोन वर्षांत पहिल्यांदाच. आणि थोड्याच वेळात त्याला दिसलं की पडदा त्याचाही उडतो.

या वेळी तो कुठे उडतो ते बघायला रणजित थांबला. मिडवर. सृष्टी अडचणीत असताना एकदाही नाही. तिने कुणाला पाडलं, तिचं नाव पडद्यावर झळकलं, की लगेच. हिने केलं तरी कसं, म्हणून तो बघत राहायचा, एक सेकंद, दोन सेकंद, कधी पाच. तेवढ्यात त्याच्या वाटेवरचे शिपाई फुकट मरायचे, आणि चार वेळा तर तो स्वतःच मेला होता. सवय लागली होती म्हणून त्याने मोजलं. त्रेसष्ट झाले, त्याच्यापुढे गेले, आणि सामना अजून दहा मिनिटांचा बाकी होता.

आई चहा घेऊन आली. "आज कुनाचा?"

"माझा," रणजित म्हणाला.

आईने कप टेबलावर ठेवला आणि वाकून पडद्याकडे पाहिलं. "ह्यात बी ती निळ्या ओढणीचीच दिसतीया की," ती म्हणाली. "तू कुठं हायस?"