मुका तास

"बोल," मागून गाडीतून आवाज आला. "काहीतरी बोल."

"खांब," मी म्हणाले.

"खांब काय? आख्खं वाक्य बोल."

वाक्य कुठून आणू? विजेच्या एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत पळायचं, मग एक खांब चालायचं, असं त्या दिवसांत माझं चाललं होतं आणि तेवढ्या अंतरात माझ्या तोंडून जेमतेम एक शब्द निघायचा. मी मान हलवली आणि चालू लागले. गाडीही माझ्या मागोमाग चालू लागली.

आता ती गाडी कशी, तर टपावर ड्रायव्हिंग स्कूलची पाटी, पुढे-मागे 'शिकाऊ' असं लाल अक्षरांत लिहिलेलं, चारही दिवे लुकलुकताहेत आणि आत आमचे हे. पुढे कापडी बूट घातलेली, पन्नाशी उलटलेली एक बाई धापा टाकत पळतेय. आमच्या रस्त्याला सकाळची करमणूक फुकटात मिळत होती.

मी पडदे शिवते. एका मोठ्या दुकानाच्या मागच्या खोलीत माझं मशीन आहे. तिथेच, मांडीवर जाड पडद्याचं ओझं घेऊन बसलेली असताना माझ्या छातीत कळ आली आणि मी मशीनवरच पालथी पडले. पुढचं सगळं मला इतरांनी सांगितलं. हृदयात दोन नळ्या बसवून मला घरी पाठवलं, तेव्हा हॉस्पिटलातल्या व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "रोज चाला. अंगात जोर आला की थोडं थोडं पळा. बोलता येतंय तोवर पळायचं, शब्द तुटायला लागले की चालायचं." असले सल्ले मी या कानाने ऐकते आणि त्या कानाने सोडून देते. यांनी मात्र तो रहदारीच्या नियमासारखा पाठ केला.

यांचं सगळं आयुष्य गाडीत शेजारच्या सीटवर गेलं. शिकणाऱ्याच्या हातात स्टिअरिंग आणि यांच्या पायाखाली जादाचा ब्रेक. ती सवय इतकी मुरलेली, की मी जिना उतरायला लागले तरी खुर्चीत बसल्या बसल्या यांचा पाय फरशी दाबतो. मी पळणार म्हटल्यावर हे घरी बसतील हे शक्यच नव्हतं. बरोबर पळणंही जमेना, कारण पहिल्याच दिवशी कोपऱ्यावर यांच्या पोटरीत गोळा आला. मग हे गाडी घेऊन मागे यायला लागले. पहिला विद्यार्थी यायच्या आत माझी फेरी उरकायची.

हळूहळू दोन शब्द निघू लागले, मग चार. बेकरीच्या कोपऱ्यापर्यंत न थांबता गेले तेव्हा मी पहिलं पूर्ण वाक्य बोलले, आणि ते असं होतं की आता तरी तो भोंगा वाजवणं बंद करा. पाण्याच्या टाकीपर्यंत पोचायला लागले तशी माझ्या बोलण्याला धार चढली. गिऱ्हाइकांच्या तक्रारी, यांचं घोरणं, न दुरुस्त केलेला नळ, सगळं मी रस्त्यावरच काढू लागले. मागून हे खुशीत विचारायचे, "आणखी?"

एके दिवशी खालच्या मजल्यावरची माझी नणंद तोंड पाडून वर आली. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलत बसली आणि मग म्हणाली, "वहिनी, तुझं आणि दादाचं काही बिनसलंय का? लोक म्हणतात, रोज सकाळी तू त्याच्यावर ओरडत पुढे पळतेस आणि तो गाडी घेऊन तुझ्या मागे लागतो."

मी हसता हसता खाली बसले. मी आजारी होते तेव्हा दोन महिने हिने आमचं दोन्ही वेळचं जेवण वर पाठवलं आणि त्याबद्दल पुन्हा कधी चकार शब्द काढला नाही. नणंदेचं इतकं कौतुक करणारी मी जगातली पहिलीच भावजय असेन, पण आहे ते आहे.

पुढे एकदा एका गिऱ्हाईक बाईची गोष्ट मी यांना सांगत होते. तिने खिडकीचं माप आपल्या नवऱ्याच्या उंचीवरून दिलं होतं आणि घाईत तो चपला घालून उभा होता की अनवाणी, हेच तिला आठवेना. ती गोष्ट रंगवून सांगता सांगता मी वर पाहिलं तर समोर तळं. खांब, बेकरी, टाकी सगळं कधी मागे पडलं ते कळलंच नव्हतं. मी वळून पाहिलं. हे गाडी थांबवून नुसते माझ्याकडे बघत होते. "तू थांबलीच नाहीस," हे म्हणाले आणि रुमाल काढून चष्मा पुसायला लागले.

खरी पंचाईत तिथूनच सुरू झाली. तळ्याच्या तोंडाशी दोन दगडी खुंट आहेत, गाडी आत जात नाही. पायवाट टेकाडामागून तळ्याला वळसा घालते आणि पलीकडे दुसऱ्या रस्त्याला लागते. मला तिथून जायचं होतं. हे म्हणायचे, परत फिर. मी रोज खुंटांना हात लावून परत फिरायची आणि मनात चरफडायची. हॉस्पिटलातून आल्यापासून मी क्षणभर एकटी नव्हते. न्हाणीघराला कडी लावायची मुभा नव्हती. दुकानात मालकाने मशीन दाराजवळ आणून ठेवलं होतं, येता-जाता कुणाची तरी नजर राहावी म्हणून. सगळी मायेची माणसं, त्यांच्याविरुद्ध बोलायला जीभ रेटत नव्हती. पण माझ्या छातीवर माझाच विश्वास बसायचा राहून गेला होता, आणि सतत कुणी मागे असेल तर तो बसणार कसा?

एका सकाळी मी खुंटांपाशी हटून बसले. म्हटलं, आज मी पलीकडे जाणार. हे गाडीतून उतरले.

"टेकाडामागे तू दिसत नाहीस," हे म्हणाले.

"अहो, मी काय लहान आहे का?"

"त्या दिवशीही दिसत नव्हतीस." यांनी गाडीच्या दाराला हात टेकला. "मी पुलावर होतो. नवीन मुलगी चालवत होती. दुकानातून फोन आला, तू पडलीस म्हणून, आणि मी तिला म्हणालो, डावीकडे घे. डावीकडे कठडा होता गं. आणि ती घ्यायला लागली. मी सांगितलं म्हणून."

"मग?"

"मग काय, ब्रेक दाबला. पण माझ्या तोंडून असं कधी गेलं नव्हतं. इतक्या वर्षांत कधी नाही."

ही गोष्ट यांनी मला तोवर सांगितलीच नव्हती. मी भांडायची तयारी करून आले होते, तो सगळा आवेश गळून गेला. मी मुकाट्याने परत फिरले. पण टेकाडामागची वाट काही डोक्यातून जाईना.

त्यानंतर काही आठवडे गेले. एके दिवशी निम्मा रस्ता संपला तरी मागून "बोल" असं आलं नाही. मी आपणहून दोन वाक्यं बोलले, त्यावर हं नाही की चूं नाही. मागे वळून पाहिलं तर हे ओठ घट्ट मिटून समोर बघत गाडी चालवताहेत. मी विचारलं, रागावलात का? उत्तर नाही. मग माझ्या लक्षात आलं.

यांच्या शिकवण्यात एक रीत आहे. विद्यार्थी परीक्षेला बसण्याजोगा झाला की शेवटच्या तासाला हे एक अक्षरही बोलत नाहीत. हाताची घडी घालून बसतात. शिकणारा रडकुंडीला येतो, सर, इथून वळू का, सर, गिअर बदलू का, असं विचारत राहतो. हे बाहेर बघतात. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये सगळे त्याला मुका तास म्हणतात. त्या तासाची धास्ती सगळ्यांना असते आणि वाटही सगळे त्याचीच बघतात.

खुंटांपाशी गाडी थांबली. हे उतरले नाहीत, काच खाली केली नाही. गाडी मागे घेतली, वळवली आणि निघून गेले.

खरं सांगते, गाडीला हाक मारून परत बोलवावंसं वाटलं. ज्याच्यासाठी हट्ट धरला तेच पदरात पडलं की माणसाची अशीच फजिती होते. थोडा वेळ मी खुंटाला धरून उभी राहिले. मग आत शिरले.

सवयीने आधी मोठ्याने बोलत होते. मग ऐकायला कुणी नाही हे जाणवलं आणि गप्प झाले. पायाखाली मऊ माती होती, एका अंगाला पाणी. टेकाडामागे गेले तेव्हा छातीत धडधड वाढली. मी थांबले, हात ठेवून पाहिला. कळ नव्हती. हृदय आपलं काम करत होतं, एवढंच. ते मला इतक्या महिन्यांत कुणी सांगून पटलं नव्हतं. पुन्हा पळायला लागले तेव्हा एकेकाची आठवण येत गेली. त्या व्यायामाच्या बाई, नणंद, मशीन दाराशी आणणारा मालक, आणि भोंगा वाजवून माझं डोकं उठवणारे हे. मला खूप मिळालं होतं, आणि ते धापा टाकण्याच्या नादात मोजायचं राहिलं होतं.

वळसा संपवून मी पलीकडच्या रस्त्याला लागले, तेवढ्यात समोरून यांची गाडी आली. त्या वेळी यांचा पहिला तास गावाच्या दुसऱ्या टोकाला असतो. शिवाय हा रस्ता खड्ड्यांचा, नवशिक्याला हे चुकूनही इकडे आणत नाहीत. पण गाडी आली. एक नर्स बाई स्टिअरिंगला घट्ट धरून बसल्या होत्या, चेहऱ्यावर जीव मुठीत धरल्याचा भाव. शेजारी हे.

मला वाटलं, आता थांबतील. निदान हात करतील. यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मान सरळ समोर ठेवून त्या बाईंना काहीतरी समजावत होते. मी दिसले नसेन असं होणं शक्य नव्हतं, रस्त्यावर दुसरं चिटपाखरू नव्हतं. गाडी थांबली नाही, हळूही झाली नाही, माझ्या अगदी शेजारून पुढे निघून गेली.

माझे डोळे भरून आले. ती मान सरळ ठेवायला या माणसाला किती जड गेलं असेल, ते मला ठाऊक होतं.

खड्डे चुकवत गाडी लांब जात राहिली. ती वळणाआड दिसेनाशी होईपर्यंत मी रस्त्याच्या कडेला उभी होते. मग घराकडे पळायला लागले.