एकोणीस तारखेचं कार्ड

माझ्याकडे तीनशे सहासष्ट कार्डं आहेत, बुटांच्या सात खोक्यांत. वर्षातल्या प्रत्येक दिवसाचं एक. त्या दिवशी जगात आणि आमच्या गावात काय घडलं ते त्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. त्यावरून गेली बावीस वर्षं मी इथल्या वर्तमानपत्रात ‘आजचा दिवस’ हे सदर लिहितो. त्याआधी तिथेच मुद्रितशोधक होतो. दुसऱ्यांच्या चुका काढण्यात उमेदीची वर्षं गेली. स्वतःचं काही लिहायची छाती झाली नाही. तारखा लिहायला छाती लागत नाही, असं वाटायचं. ऑफिसात, आणि आता गावातही, मला तारीखराव म्हणतात. लग्नाचा वाढदिवस मी दोनदा विसरलो असल्यामुळे बायको त्या नावाला अजून हसते.

यंदा संपादकांनी या सदराचं पुस्तक काढायचं ठरवलं. गावाबाहेरच्या तलावाचा बांध फुटला त्याला पन्नास वर्षं होत होती, आणि एकोणीस ऑक्टोबरलाच पुस्तक निघणार होतं. त्या कार्डावरची ओळ मला पाठ होती: ‘तलावाचा बांध फुटला. टेलिफोन ऑपरेटरने घरोघरी फोन लावून इशारा दिल्याने खालची वस्ती वाचली.’ ती ओळ पहिल्यांदा छापून आली तेव्हा वस्तीतली माणसं फुलं घेऊन त्या ऑपरेटरबाईंकडे गेली होती. पुढे दरवर्षी पुलाजवळ जमायची रीतच पडली. नगरपालिकेने तिथे दगड बसवला, आणि त्यावरची तारीख माझ्याच सदरातून घेतली.

पुस्तकासाठी जुन्या अंकांचे गठ्ठे पुन्हा काढले. एकोणीस तारखेचा अंक उघडला. मोठा मथळा, खाली बातमी. आणि बातमीचा पहिलाच शब्द ‘काल’.

मी चष्मा पुसला. शब्द तोच राहिला. वर्तमानपत्रात कालची बातमी आज येते, हे त्याच इमारतीत एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला कुणी सांगायला नको. मी मात्र अंकाच्या माथ्यावरची तारीख उतरवून मोकळा झालो होतो. बांध अठराला फुटला होता.

कुणाला कळणार, असं मनात आलं, हे कबूल करतो. पानं शुक्रवारी छपाईला जायची होती. दोन दिवस मला जेवण गेलं नाही. बायकोने खोदून विचारलं तेव्हा सांगितलं. ती म्हणाली, “जन्मभर लोकांच्या वेलांट्या सुधारल्यात. आता स्वतःची एक तारीख सुधारा. आणि आधी त्या बाईंना जाऊन सांगा.” मी म्हणालो, उद्या जातो. तिने चपला आणून पुढ्यात ठेवल्या.

ऑपरेटरबाई जुन्या टेलिफोन कचेरीमागे दोन खोल्यांत एकट्या राहतात. ऐंशीला टेकल्या आहेत, पण आवाज अजून खणखणीत. दरवर्षी पुलाजवळ आमची मान हलवण्यापुरती ओळख. मी खुर्चीच्या कडेवर बसलो आणि हवापाण्यावर बराच वेळ घालवला. शेवटी त्याच म्हणाल्या की तारीखराव, लाइन लागली आहे, बोला.

मी सांगितलं. चूक माझी, पुस्तकात दुरुस्त करतो, दगडही बदलायला सांगतो, यापुढे सगळे अठरालाच जमतील.

त्यांनी चहाचा कप माझ्याकडे सरकवला.

“मला पहिल्या वर्षापासून ठाऊक आहे,” त्या म्हणाल्या. “मी तिथे होते ना.”

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. त्यांनी पुढे सांगितलं की वस्तीतल्या जुन्या लोकांनाही ठाऊक आहे. पण माणूस एवढा जीव लावून लिहितो, त्याला वाईट वाटेल, म्हणून कुणी बोललं नाही. बावीस वर्षं अख्खी वस्ती मला सांभाळून घेत होती, आणि मी समजत होतो की त्यांची आठवण मी सांभाळतोय.

मग त्या अठरा तारखेबद्दल बोलल्या. हळूहळू, थांबत थांबत. दुपारी तलावावरच्या पहारेकऱ्याचा फोन आला. खालच्या वस्तीत एक्केचाळीस फोन होते. त्यांनी एक नंबरपासून सुरुवात केली. प्रत्येकाला एकच वाक्य: वर पळा, शेजाऱ्यांना सांगा. सत्तावीस नंबर शिंप्याच्या दुकानाचा. तिथे त्यांची धाकटी बहीण काजं-बटणं करायची.

“सत्तावीस आला तेव्हा कुणी उचलला नाही. मी पुढचा लावला,” त्या म्हणाल्या. “तिला आधी लावला असता तर? पण मग एक ते सव्वीसमधलं कोण राहिलं असतं? पन्नास वर्षं हेच चाललंय.”

बोलायला पुस्तकांतलं बरंच होतं, पण त्यातलं काही कामाचं नव्हतं.

“अठराला कुणी फुलं दिली असती तर मी घेतली नसती,” त्या म्हणाल्या. “तो दिवस तिचा आहे. मी नदीवर जाऊन बसते, एकटी. एकोणीसला मात्र लोक येतात, नातवंडं दाखवतात, ते घेता येतं मला. तुमच्या चुकीने मला दोन दिवस वेगळे मिळाले. ते एकत्र करू नका.”

पण चूक तशीच छापणं माझ्याने होणार नव्हतं. तेही मी चाचरत सांगितलं. त्या म्हणाल्या, खोटं कोण छापा म्हणतंय? एकोणीसला काय झालं ते तुमच्या त्या अंकात नीट वाचा.

वाचलं. शेवटच्या परिच्छेदात होतं: पाणी ओसरत असून आज सकाळपासून लोक घरी परततील.

शुक्रवारी नवी ओळ दिली: ‘आदल्या दिवशी फुटलेल्या बांधाचं पाणी ओसरून खालच्या वस्तीतले लोक आज घरी परतले. बांध फुटल्याची तारीख म्हणून आजचा दिवस बावीस वर्षं चुकीने छापला गेला. चूक सदरलेखकाची. जमायचा दिवस मात्र हाच.’ संपादक म्हणाले, ओळ लांबली. मी जन्मात पहिल्यांदा म्हणालो, लांबू द्या.

एकोणीसला पुलाजवळ एक म्हातारे लोहार माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “आलं का लक्षात? आम्ही म्हटलं, आता शंभरीलाच येतंय.” सगळे हसले. मीही हसलो. बाई फुलं घेऊन उभ्या होत्या. त्यांनी नेहमीसारखी मान हलवली.

अठराचं कार्ड मी आदल्या दिवशीच पुरं केलं होतं. बाईंनी परवानगी दिली होती. छापायचं नाही, पण लिहून ठेवा, म्हणाल्या होत्या. त्यावर शिंप्याच्या दुकानातल्या त्या मुलीबद्दल एक ओळ आहे, आणि शेजारी लाल शाईत ‘छापू नये’. ते लिहून मी नदीवर गेलो. बाईंनीच बोलावलं होतं. एकटीने बसायला आता गुडघे ऐकत नाहीत, म्हणाल्या.