लग्नाच्या मोटारीतला डायनामो

मी एक जुना डायनामो आहे, मित्रांनो. सायकलच्या चाकाला घासून कुरकुरणारा नव्हे. तो माझा धाकटा भाऊ. मी मोटारीतला. इंजिनाच्या पट्ट्याने फिरायचे, वीज करायची आणि बॅटरीचे पोट भरायचे, हे माझे काम.

बर्मिंगहॅमच्या कारखान्यात बायकांनी माझ्या पोटात तांब्याच्या तारा भरल्या. मग एका छोट्या हिरव्या मोटारीत बसून मी इंग्लंडच्याच डेव्हन परगण्यात विल्फ्रेड लक्स्टनकडे आलो. लग्न करून त्याची ऑलिव्ह याच मोटारीतून घरी आली. "काय उजेड पडतोय!" दिवे पाहून ती म्हणाली. ते कौतुक मी आजवर जपले आहे.

मोटार धावली की मी खूश. ती उभी राहून नुसती घुरघुरली, की माझा दम संपतो आणि दिवे मिणमिणतात. आणि डेव्हनच्या वाटा एकाच मोटारीपुरत्या! समोरून कोणी आले की एकाने मागे सरायचे. विल्फ्रेड नेहमी स्वतःच सरायचा. मेंढ्यांनाही वाट द्यायचा, वर हात उंचावून त्यांचे आभार मानायचा! उभ्या उभ्या ॲक्सिलरेटर दाबून इंजिन जोरात गुरकावले तर माझे भागते. पण तो उद्धटपणा त्याला कुठून जमणार?

ऑलिव्ह गेली आणि मोटार शेडमध्ये कापडाखाली गेली. आमच्याकडे कोणी फिरकेना. मग नात टॅम्सिनचे लग्न ठरले आणि तिने हट्ट धरला, "चर्चला जाईन तर आजीच्या गाडीतून." तिने माझ्या जागी अल्टरनेटर आणला. तो उभ्या मोटारीतही भरपूर वीज देतो. मी फळीवर जाऊन बसलो. फार वाईट वाटले, मित्रांनो.

लग्नाच्या सकाळी विल्फ्रेड बॅटरी जोडायला आला. आमच्या मोटारीत तिचे धन टोक गाडीच्या अंगाला जोडत. नव्या पाहुण्याला तिथे ऋण टोक हवे. टॅम्सिनने दहादा बजावले होते. पण जन्माची सवय! भस्सकन धूर निघाला आणि अल्टरनेटर जळाला.

"आजोबा, काय केलंत हे?"

"मी नाही गं, या हातांनी केलं," म्हातारा रडवेला झाला. "शेजाऱ्याची गाडी आणू का?"

"शेजाऱ्याच्या गाडीत आजी बसली होती का? तो जुना काढा खाली!"

पांढऱ्या झग्यावर आजोबांचा कामाचा डगला चढवून नवरीने स्वतः माझे बोल्ट आवळले. बॅटरी माझ्या रीतीने जोडलेलीच होती. पण त्या गोंधळात ती अर्धपोटी झाली होती, आणि बाहेर धो धो पाऊस. दिवे आणि वायपर, सगळेच चालू.

"आज कुणाला वाट द्यायची नाही. थांबलो की मेलो!" गाडीत बसता बसता टॅम्सिनने बजावले.

"अगं, पण लोक काय म्हणतील?"

वळणावर दूर ट्रॅक्टर दिसला. विल्फ्रेडचा पाय सवयीने ब्रेककडे गेला.

"आजोबा!"

त्याने आयुष्यात पहिल्यांदा भोंगा दाबून धरला. ट्रॅक्टर गडबडीने शेतात शिरला. आम्ही सुसाट निघालो आणि म्हातारा काच खाली करून चर्च येईपर्यंत ओरडत होता, "माफ करा हं! माफ करा!"

चर्चच्या भिंतीवर दिव्यांचा उजेड लख्ख पडला. तो पाहून विल्फ्रेड पुटपुटला, "काय उजेड पडतोय!" टॅम्सिनने त्याचा हात घट्ट धरला.

पुढे दुसरा अल्टरनेटर आला, नीट बसला. म्हातारा आता मेंढ्यांना हवा तितका वेळ वाट देतो. मला हेवा नाही. मी डिकीत असतो, त्याच डगल्यात गुंडाळलेला, वेळेवर तेल मिळणारा.

मित्रांनो, नवे जरूर आणा. पण जुन्याला भंगारात घालण्याआधी एकदा फिरवून पाहा. त्याच्यात एखादी वरात अजून शिल्लक असते.