बाबांनी हात लावला नव्हता

“बाबांच्या कॉम्प्युटरसाठी रॅमची पट्टी घेताना जुन्या पट्टीचा स्पीड बघून तशीच घे हं, देवश्री. वेगवेगळ्या लावल्या की कधी चालतं, कधी मधेच बंद पडतं,” माझा नवरा उत्कर्ष बाजव्याला रिफायनरीत शिफ्टला निघताना दारातून म्हणाला होता. मी म्हटलं, “तू जा ने, बस चुकेल.”

दुकानात तशी नव्हती, जास्त स्पीडची होती. फार तर नवी पट्टी जुनीच्या चालीने चालते, असं मी कुठेतरी वाचलेलं. घेतली, आणि सासऱ्यांच्या डेस्कटॉपमध्ये जुन्या रॅमशेजारी माझ्याच हाताने बसवली.

माझे सासरे बडोद्यातल्या जुन्या मराठी घरांतले मोडी कागद वाचून देतात. कुणाच्या पणजोबांची नोकरीतली पत्रं, कुणाच्या घराची वाटणी. भिंग धरून वाचायचं आणि देवनागरीत टाइप करायचं. दुपारी मी ऑफिसला असते तेव्हा आमची तीन वर्षांची मैत्रेयी त्यांच्याकडेच. ते टाइप करतात, ती खुर्चीखाली ठोकळे मांडते. नवी पट्टी बसली तेव्हा बाबा खूश. “पळतंय की गं!”

आणि काही दिवसांनी एकदम म्हणाले, “मैत्रेयीला पाळणाघरात घाल.”

पाळणाघराचं नाव काढलं तरी भांडणारा हा माणूस! “त्रास देते का?” मी विचारलं.

“छे. गुणाची आहे ती.” विषय बंद.

मी मुळातच घाबरट. लक्ष ठेवायला लागले. बाबा गॅसचं बटण पुन्हा पुन्हा चाचपत होते. मैत्रेयीला गॅलरीत नेणं त्यांनी सोडलं होतं. तिचं खोकल्याचं औषधही “तूच दे” म्हणून माझ्याकडे सरकवायचे. उत्कर्ष म्हणाला, “वय झालं त्यांचं. डॉक्टरांना दाखवू.” मांजलपुरातलं एक पाळणाघर मी बघूनही आले. खरं सांगायचं तर मलाही भीती वाटायला लागली होती, त्यांच्यासाठी आणि मैत्रेयीसाठीही.

एका रविवारी मी त्यांच्यामागे तुरीचे दाणे सोलत बसले होते. बाबा कानातलं मशीन काढून, मान खाली घालून एका ओळीशी झटत होते. समोरचा पडदा निळा झाला, मग काळा. मग कॉम्प्युटर पहिल्यापासून सुरू झाला. बाबांना पत्ताच नाही. बऱ्याच वेळाने त्यांनी मान वर केली. टाइप केलेलं पान नव्हतं. त्यांनी चष्मा काढून ठेवला.

“पुन्हा,” ते स्वतःशीच म्हणाले.

मी जवळ जाऊन मोठ्याने विचारलं, “काय झालं, बाबा?”

“काही नाही. मी सेव्ह न करताच बंद करतो आणि मला आठवतही नाही. रोज चाललंय.” मग माझ्याकडे न बघता, “अशा माणसाकडे पोर ठेवतात का?”

“बाबा, तुम्ही बंद केलंच नाही. आपोआप झालं. मी बघितलं आत्ता.”

“मला बरं वाटावं म्हणून बोलू नकोस, देवश्री.”

आता यांना पटवायचं कसं? मी त्यांच्या कानात मशीन घातलं, चार ओळी टाइप करून ठेवल्या आणि म्हटलं, “हात मांडीवर. नुसतं बघत बसा.” मैत्रेयी त्यांच्या मांडीवर चढली.

“आजोबा, काय बघतोय आपण?”

“हा झोपतो का ते.”

झोपेना! एरवी रोज दगा देणारं यंत्र आज शहाण्यासारखं चालू. दाणे सोलून संपले. मी मनात देवाला म्हणत होते, बंद पड रे बाबा, एकदा बंद पड. बाबा उठायला लागले, “जाऊ दे, कळलं मला.”

“बसा ने थोडं,” मी त्यांचा खांदा धरला.

आणि पडदा निळा झाला.

“झोपला!” मैत्रेयीने टाळ्या पिटल्या.

बाबा आपल्या हातांकडे बघत राहिले. ते मैत्रेयीच्या पोटाभोवती होते. “मी हात लावला नव्हता,” ते म्हणाले.

“नव्हता.”

“तू बघितलंस?”

“मी बघितलं. हिनेही बघितलं.”

त्यांनी मैत्रेयीच्या केसांत तोंड लपवलं. मी त्यांना पट्टीची सगळी हकिकत सांगितली आणि नवी काढून टाकली. मला वाटलं रागावतील. म्हणाले, “माझं डोकं ठीक आहे ना, मग तुझ्या शंभर पट्ट्या माफ.”

त्यानंतर यंत्र रडतखडत चालतं, पण बंद पडलेलं नाही. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला निघाले तेव्हा बाबा मैत्रेयीला कडेवर घेऊन गॅलरीत उभे होते, खालची गाय दाखवत.

वय त्यांचं झालंच आहे. उद्या खरंच काही विसरतील, तेव्हा बघू. पण तुमच्या घरातही कुणी आवडीचं काम सोडून “आता मला जमत नाही” म्हणायला लागलं असेल, तर आज त्यांच्याशेजारी जाऊन बसा. काय बिघडतंय ते एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघा.